कागदांतील ‘पार’ : महाड-पोलादपूर प्रांतांतील एका शब्दाची चिकित्सा

मोडी कागदाचें बाळबोध करणें म्हणजे केवळ लिपि बदलणें नव्हे. मोडी लिहिणारा आधीं पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिला अक्षरें टांगीत जातो. एक शब्द कोठें संपला व दुसरा कोठून लागला हें तो सांगत नाहीं. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीं. विरामचिन्हांची तर गोष्टच नको. बाळबोध प्रत छापणाऱ्यास मात्र शब्द तोडावे लागतात. तोडतांना तो अर्थ ठरवितो, आणि आपण अर्थ ठरविला हें बहुधा वाचकास कळवीत नाहीं. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, पारसनीस इत्यादिकांनीं हजारों कागद असे तोडूनच छापले. तसें न करते तर मोडी न जाणणाऱ्या वाचकाच्या हातीं कांहींच पडलें नसतें. तेव्हां तक्रार तोडण्याबद्दल नाहीं. जेथें दोन किंवा तीन प्रकारें तोडतां येतें तेथें एकच प्रकार मुकाट्यानें छापण्याबद्दल ती आहे.

या दोषाची परीक्षा करण्यास ‘पार’ हा दोनअक्षरी शब्द फार सोईचा आहे, आणि त्या परीक्षेस महाड व पोलादपूर या तालुक्यांइतकें योग्य क्षेत्र दुसरें मिळणें कठीण. इतरत्र ‘पार’ हा केवळ शब्द आहे. येथें तो शब्दहि आहे, गांवहि आहे आणि घाटहि आहे.

भूगोल थोडक्यांत सांगितला पाहिजे. सावित्री नदी महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावून पश्चिमेस कोसळते, पोलादपुरावरून महाडास येते व बाणकोटाजवळ समुद्रास मिळते. कोयना त्याच पठारावर निघते, पण ती दक्षिणेची वाट धरते. या दोन खोऱ्यांच्या मधल्या दांडावर प्रतापगड उभा आहे, आणि गडाच्या दक्षिणेस, कोयनेच्या अंगाला, पार हें गांव आहे. रामवरदायिनीचें देवस्थान तेथलेंच. कोयनेवरील जुना दगडी पूलहि त्याच गांवाजवळचा. गांव आज सातारा जिल्ह्यांत मोडतें. परंतु त्याच्या नांवाचा जो पारघाट, तो पश्चिमेकडे उतरतो तो पोलादपूर तालुक्यांतील किनेश्वराकडे, आणि तेथून वाट महाड बंदरास जाते. मोठीं गलबतें दासगांवापर्यंत येत व लहान होड्या भरतीच्या पाण्यावर महाडापर्यंत चढत. आंबेनळीचा गाडीरस्ता होण्यापूर्वीं बंदरावरचा माल घाटावर जाण्याच्या मुख्य वाटांपैकीं पारघाट ही एक होती. १८२८-२९ च्या सुमारास माल्कमपेठ वसली तेव्हां मुंबईहून येणारे साहेबलोकसुद्धां प्रथम बाणकोट, मग महाड, मग पारघाट, असेच वर चढत असत.

या वाटेवर राजकारणहि कांहीं कमी झालें नाहीं. १६५६ त शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली. भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधला. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखानाचा वध झाला तेव्हां खानाचा तळ पार येथें होता. पुढें १७९६ त नाना फडणीस महाडास येऊन राहिले. १८०२ त होळकराच्या धास्तीनें दुसरा बाजीराव पुणें सोडून निघाला तो महाडावरूनच समुद्राकडे वळला व अखेर वसईस पोंचला. अशा मुलखांतील दप्तरांत ‘पार’ हीं दोन अक्षरें येणारच. प्रश्न इतकाच कीं, तीं आलीं म्हणजे काय समजावयाचें?

आतां शब्दाकडे वळूं. मूळ संस्कृत ‘पार’ म्हणजे पलीकडचा तीर. त्यावरून शेवट, सीमा, अंत. अपार, पारावार, पारंगत, आरपार हीं सर्व त्याच घरचीं. ‘पार पडणें’ व ‘पार पाडणें’ यांत कार्य ही जणूं नदी आहे. ‘पार बुडाला’, ‘पार थकला’ यांत तोच शब्द क्रियाविशेषण होऊन ‘अगदीं, टोकापर्यंत’ एवढाच अर्थ देतो. येथें तीर वगैरे कांहीं उरलें नाहीं. मराठी बोलणाऱ्यास हे अर्थ इतके अंगवळणी पडले आहेत कीं त्यांबद्दल अधिक लिहिण्याचें प्रयोजन नाहीं.

दुसरा ‘पार’ काळाचा. प्रहर या शब्दाचा अपभ्रंश होऊन तो झाला. द्विप्रहराची ‘दुपार’ झाली ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुटा ‘पार’ किंवा ‘पारी’ आज शिष्टांच्या लिहिण्यांत राहिला नसला तरी खेड्यांतील बोलण्यांत ‘पहाटेच्या पारी’, ‘सकाळच्या पारी’ असा जिवंत आहे. पाहरा हा शब्दहि याच मुळाचा. सरकारी कारकून ‘प्रहर’ असें पुरें लिही, कारण त्याची लेखणी तशी घडविलेली असे. गांवकीच्या कागदाची गोष्ट वेगळी. तेथें तोंडचा शब्द कागदावर उतरतो, आणि ‘पारी’ ही वेळ आहे कीं जागा, हें वाक्याच्या मागल्यापुढल्या शब्दांवरून ओळखावें लागतें.

तिसरा ‘पार’ झाडाचा: वडापिंपळाभोंवतीं बांधलेला ओटा. गांवचे चार लोक बसण्याची, वाटसरू टेकण्याची, वाद सांगण्याची ही जागा. कोंकणांत आणि घाटावर दोन्हीकडे हा अर्थ रूढ आहे. ‘पारावर बसले’, ‘पारावर बोलणें झालें’ असें असलें म्हणजे सहसा कोणी चकत नाहीं. पण पार गांवाच्या आसपासच्या कागदांत ‘पारावर’ याचा अर्थ ‘पार गांवावर’, म्हणजे त्या गांवावर नेमलेला, चाल करून गेलेला, किंवा त्या गांवावर बसविलेला कर, असाहि होऊं शकतो. गांवावर पट्टी बसते; ओट्यावर माणसें बसतात. दोहोंचें क्रियापद एकच! असल्या जागीं कोश उघडून कांहीं लाभ नाहीं. मोल्सवर्थनें ‘पार’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ दिले आहेत, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशांत त्यांचा विस्तार आहे, आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश जुन्या मराठीस फार उपयोगी आहे. परंतु कोश शब्दांचे असतात, गांवांचे नसतात. खिंडीच्या तोंडचें एखादें गांव शब्दाच्या रांगेत घुसून बसलें आहे, याची वार्ता कोशकारानें कशी द्यावी?

खरे अर्थ इतके. यांखेरीज कांहीं खोटे ‘पार’ आहेत, म्हणजे मोठ्या शब्दाचें डोकें तेवढें ‘पार’ असतें. ओळ संपतांना शब्द मध्येंच तुटून पुढल्या ओळींत गेला म्हणजे हे खोटे ‘पार’ नवशिक्यास हमखास फसवितात. ‘पारसनीस’ हें त्यांतलें करमणुकीचें उदाहरण: फारसी लिहिणारा तो पारसनीस, त्याचा नदीच्या तीराशीं संबंध नाहीं व प्रतापगडाशींहि नाहीं. ‘पारपत्य’ मात्र करमणुकीवर नेण्यासारखें नाहीं. आज पारपत्य म्हणजे शिक्षा एवढेंच आपण जाणतों. जुन्या लिहिण्यांत त्याचा अर्थ व्यवस्था, बंदोबस्त, एखाद्या कामाचा निकाल लावणें असाहि होतो. कानडींत ‘पारुपत्य’ म्हणजे आजहि देखरेख व कारभारच. देवस्थानचा पारपत्यगार हा शिक्षा करणारा नव्हे, कारभार पाहणारा. तेव्हां एखाद्या देवस्थानच्या किंवा गांवाच्या ‘पारपत्या’बद्दलचा कागद हातीं आला म्हणजे तेथें बंडाळी झाली असावी व ती मोडली असावी, असा इतिहास रचूं नये. कदाचित् दिवाबत्तीची व्यवस्था लावण्यापलीकडे त्यांत कांहींच नसेल.

आतां या लेखाचें जें मुख्य प्रतिपाद्य तें. ‘पार’ या शब्दाबरोबर सर्वांत अधिक येणारें व सर्वांत अधिक घोटाळा करणारें क्रियापद म्हणजे ‘उतरणें’. या क्रियापदाचे प्रवासाच्या कागदांत तीन अर्थ आहेत. नदी ओलांडणें हा एक. नदीला जेथें पायउतार मिळतो त्या जागेस ‘उतार’ म्हणतात तो यामुळेंच. उंचावरून खालीं येणें, म्हणजे घाट उतरणें, हा दुसरा. मुक्काम करणें, तळ देणें हा तिसरा. आतां ‘पार’ शब्दाचे तीर, घाट व गांव हे तीन अर्थ घ्या. महाड प्रांतांतील एखाद्या पत्रांत ‘लोक पार उतरले’ एवढींच अक्षरें आहेत असें धरूं. लोक सावित्री ओलांडून पलीकडे गेले. लोक पारघाट उतरून तळकोंकणांत आले. लोक पार गांवीं मुक्कामास राहिले: तिन्ही अर्थ व्याकरणानें शुद्ध, तिन्ही प्रसंगास साजेसे. आणि तिन्हींत लोक तीन निरनिराळ्या ठिकाणीं आहेत. पहिल्यांत ते महाडाजवळ किंवा पोलादपुराजवळ नदीकांठीं. दुसऱ्यांत किनेश्वराच्या बाजूस डोंगराच्या पायथ्याशीं. तिसऱ्यांत डोंगरापलीकडे कोयनेच्या खोऱ्यांत. फौजेच्या हालचालीचा नकाशा काढणाऱ्यास हा फरक थोडा नव्हे. मध्यें सबंध सह्याद्रीचा कणा आहे.

शुद्ध लिहिणारा ‘पारीं’ असा सप्तमीचा प्रत्यय लावील, म्हणजे मुक्काम ठरेल, असें कोणी म्हणेल. पण मोडींत अनुस्वार गळतो, आणि ‘पारी’ म्हटलें म्हणजे वर सांगितलेला प्रहर पुन्हा दाराशीं येऊन उभा राहतो. म्हणून व्याकरणाची कसोटी येथें अर्धीच चालते.

आमचे मतें याचा निकाल दुसऱ्याच कसोटीनें लागतो: तो कागद कोठें बसून लिहिला, हें आधीं ठरविलें पाहिजे. याचें कारण पार गांवाच्या चमत्कारिक स्थितींत आहे. खान वाईकडून आला. महाबळेश्वराच्या उंच पठारावरून रडतोंडीच्या घाटानें तो कोयनेच्या खोऱ्यांत उतरला, आणि त्या उतरणीच्या तळाशीं त्यास पार लागलें. वाईच्या माणसास पार हें गांव खालीं आहे. महाडच्या माणसास तेंच गांव वर आहे. त्याला किनेश्वराकडून घाट चढून तेथें जावें लागतें. म्हणून वाईचा किंवा सातारचा लेखक ‘पार उतरले’ असें लिहील तेव्हां खालीं येणें व मुक्काम करणें हे दोन्ही अर्थ एकवटून पार गांवाकडेच बोट दाखवितात. महाडचा लेखक तींच अक्षरें लिहील तेव्हां गांवाचा अर्थ जवळजवळ बाद होतो, कारण महाडाहून पारास कोणी उतरत नाहीं, चढतो. मुक्कामाचा अर्थ घ्यावयाचाच तर त्यास स्वतंत्र आधार हवा. तेथें मग घाट आणि नदी हे दोनच पक्ष उरतात, आणि त्यांचा निवाडा ऋतूवरून पुष्कळदां करतां येतो. पावसाळ्यांत सावित्रीला उतार नसतो. तरीवर बसूनच पलीकडे जावें लागे, आणि फौज तरींतून नेणें हें काम असें नव्हे कीं त्याचा उल्लेख दोन शब्दांत आटोपावा. उलट कार्तिकापासून पुढें नदी ओलांडणें ही लिहिण्याजोगी गोष्टच नव्हती. म्हणून कोरड्या ऋतूंतील महाडच्या पत्रांत ‘पार उतरले’ आलें तर घाटाकडे कल ठेवावा.

ही कसोटी बिनचूक आहे असा आमचा आग्रह नाहीं. महाडांत बसलेला कारकून मूळचा वाईचा असूं शकतो व सवयीनें आपल्या गांवच्या दिशेनें लिहूं शकतो. परंतु ‘पार’ हा शब्द मुळांतच बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून आहे. या तीरावरून पाहिलें तर तो तीर पार, त्या तीरावरून पाहिलें तर हा. अशा शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्याची जागा सोडून शोधणें हाच मूळ दोष.

गांवाच्या नांवाविषयीं येथें लिहिणें प्राप्त आहे, कारण त्याबद्दलची एक समजूत बरीच रूढ झाली आहे. पार हें ‘पार्वतीपूर’ या नांवाचें संक्षिप्त रूप होय, असें सांगतात. देवस्थानाच्या संबंधांत पार्वतीपूर हें नांव लिहिलेंहि जातें. देवीच्या गांवास हें नांव शोभतें यांत शंका नाहीं. परंतु शोभणें निराळें आणि व्युत्पत्ति निराळी. गांवांचीं नांवें झिजतात तीं कांहीं नियमानें झिजतात. प्रतिष्ठानाचें पैठण झालें, करहाटकाचें कऱ्हाड झालें, शूर्पारकाचें सोपारा झालें. सगळीकडे नांवाचा सांगाडा शेवटपर्यंत ओळखूं येतो. ‘र्व’ या जोडाक्षराचें तर मराठींत येतांना बहुधा ‘व’ उरतें: चर्वणाचें ‘चावणें’ झालें. त्या हिशेबानें पार्वतीपुरांतला रकार आधीं जावयास हवा होता. येथें तर तोच उरला आणि बाकीचें सर्व गेलें. मुलीस पार्वतीची ‘पारू’ करतात हें खरें. पण तें लाडाचें नांव आहे, आणि गांवाचे असे लाड झाल्याचें उदाहरण आम्हांस तरी सुचत नाहीं. पार हें नांव आधींचें, आणि त्यास भारदस्तपणा यावा म्हणून पार्वतीपूर हें नांव मागाहून जडविलें, असें आमचें मत आहे. खिंडीच्या तोंडाशीं, नदीच्या कांठीं, ओलांडून जाण्याच्या जागीं वसलेल्या गांवास लोकांनीं साध्या बोलींत ‘पार’ म्हणावें, यापेक्षां अधिक शोध कशाला हवा? जुन्या इंग्रजी वर्णनांत पेठ पार व पार पार अशीं दोन नांवें आढळतात तींहि या मतास अनुकूलच आहेत. बाजार बसला ती पेठ पार, आणि मूळचें पार तें पार पार. मूळ नांव पार्वतीपूर असतें तर मूळ वस्ती निराळी दाखवितांना तेंच पुढें यावयाचें.

मात्र हाच न्याय सर्व ‘पार’ नांवांस लावूं नये. नाशिक जिल्ह्यांतून निघून गुजराथेंत जाणारी पार नदी घ्या. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत ज्या नद्यांवर त्यानें धर्मार्थ तरी ठेवल्या त्यांत ‘पारादा’ असें नांव आहे, आणि ती हीच नदी असें विद्वान् मानतात. म्हणजे तेथें ‘पार’ हें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या लांब नांवाचें उरलेलें टोंक आहे, तीर नव्हे. आमच्या बाजूचें म्हणणें जितक्या मोकळेपणानें मांडलें तितक्याच मोकळेपणानें हें उदाहरणहि सांगितलें पाहिजे. तिकडे चंदगडाकडील पारगड निराळाच: राज्याच्या पार टोंकाला तो पारगड, असें त्याचें नांव सांगतात. आणि त्या गडाचा पोलादपूर तालुक्याशीं एक जुना धागा आहे. उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांस त्या गडाची किल्लेदारी दिली, अशी परंपरा आहे. तेव्हां मालुसऱ्यांच्या संबंधाच्या एखाद्या कागदांत ‘पार’ आला व पुढील अक्षरें कसरीनें खाल्लीं असलीं, तर तो प्रतापगडाखालचा पार कीं दक्षिणेकडचा पारगड, हाहि प्रश्न वाचणाऱ्यानें स्वतःस विचारून घ्यावा.

संस्कृत ग्रंथांकडून या कामीं मदत होईल ही आशाहि बेताचीच. पोलादपुरास ज्यांची समाधि दाखवितात त्या कवींद्र परमानंदांचें शिवभारत १९२७ त मंडळाचे श्री. दिवेकर यांनीं प्रसिद्ध केलें तेव्हांपासून जावळी प्रकरणाच्या अभ्यासास मोठेंच साधन मिळालें. परंतु संस्कृत कवि देशी नांवास संस्कृत पेहराव चढवितो, आणि ‘पार’ शब्द तर आधींच संस्कृत पेहराव करून बसलेला. तेथें नांव कोणतें आणि सामान्य शब्द कोणता, हें पुन्हा वाचकानेंच ठरवावयाचें.

मग छापणाऱ्यानें करावें काय? जेथें ‘पार’ एकाहून अधिक प्रकारें लागतो तेथें मूळची अक्षरें न तोडतां छापावीं व खालीं टीपेंत सर्व पक्ष द्यावे. आपला कल कोणीकडे आहे हें सांगण्यास हरकत नाहीं. पण तो कल मजकुरांत घुसडूं नये. विशेषनाम समजून त्यास सूचींत स्थळांच्या यादींत घालणें हें तर त्याहून वाईट, कारण पुढील अभ्यासक मजकूर न वाचतां सूचीच पाहतात, आणि एका कलाची दहा ठिकाणीं प्रमाणें होतात.

संग्राहकांस विनंति याहून महत्त्वाची आहे. लिहिणाऱ्याची जागा कळल्यावांचून अर्थ लागत नाहीं असें वर म्हटलें. पण निम्म्याशिम्म्या कागदांवर जागेचें नांव नसतें. ती जागा कळते रुमालावरून, शेजारच्या कागदांवरून, पाठीवरच्या नोंदीवरून. शिक्क्याचे व मोर्तबाचे देखणे कागद तेवढे निवडून नेण्याची जी रीत आहे, तिनें शिक्का वांचतो आणि कागद मुका होतो. ‘लोक पार उतरले’ असा कागद एकटा कांचेच्या चौकटींत ठेवला तर त्याचा अर्थ कोणासहि पुन्हा कधीं लागावयाचा नाहीं. महाडच्या दप्तरांना तर नदीचेंहि भय आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरानें महाडच्या बाजारपेठेंत व घराघरांत पाणी भरलें. त्याच दिवशीं तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून वस्ती गाडली गेली. अशा मुलखांत मूळ कागद गेला म्हणजे छापलेली प्रत हेंच मूळ होऊन बसतें, आणि तिच्यांत ज्या प्रकारें ‘पार’ तोडला असेल तोच कायम होतो. म्हणून ज्यांचे घरीं माडीवर किंवा देवघराच्या फडताळांत असे रुमाल असतील त्यांनीं एकेक कागद न काढतां रुमाल जसा बांधलेला आहे त्याच क्रमानें त्याचीं छायाचित्रें घ्यावीं. कागदाची पाठ कोरी दिसली तरी तिचेंहि घ्यावें, आणि रुमालाच्या फडक्यावर शाईनें कांहीं लिहिलेलें असल्यास प्रथम तेंच उतरून घ्यावें.